काडतुसातलं माप

बारा बोरच्या काडतुसाचं उभं छेदचित्र पाहिलं, तर त्यात पाच गोष्टी दिसतात. तळाशी पितळी बूड आणि त्याच्या मधोमध बसवलेला प्रायमर. त्यावर एक ते दीड ग्रॅम बिनधुराची बारूद. बारुदीवर प्लास्टिकचा वॅड. त्याचा खालचा भाग गादीचं काम करतो, वरचा पेल्याचं. पेल्यात २४ ग्रॅम शिशाचे छर्रे. आणि हे सगळं पोटात घेणारी प्लास्टिकची पुंगळी, जिचं तोंड सहा किंवा आठ चुण्या घालून आत दुमडलेलं असतं. छर्रे २.४ मिलिमीटर व्यासाचे असतील, तर एका काडतुसात ते तीनशेच्या आसपास बसतात. चाप ओढला की घोडा प्रायमरवर आदळतो, बारूद पेटते आणि बंदुकीच्या कोठीत जो दाब तयार होतो त्याची कमाल मर्यादा युरोपीय मानकाने ७४० बार ठरवलेली आहे. मोटारीच्या चाकात दोन-अडीच बार हवा असते. त्या आकड्याशेजारी ७४० हा आकडा ठेवला, की काडतूस भरणाऱ्याच्या हातात काय असतं ते उमगतं.

अशी काडतुसं घरच्या टेबलावर, एकेक करून, पुन्हा भरण्याची मोठी परंपरा अमेरिकेत आणि युरोपात आहे. ती जोपासली हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडणाऱ्या नेमबाजांनी. ही कला सर्वस्वी मापाची आहे. बारुदीचं माप, छर्ऱ्यांचं माप, दाबाचं माप आणि शेवटी पैशाचं माप. यवतमाळच्या वाचकाला ती ओळखीची करून देणं हा या प्रस्तावनेचा हेतू. भारतात परवान्याशिवाय काडतूस भरता येत नाही, ही गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. तरीही ही विद्या समजून घेण्यासारखी आहे, कारण या जिल्ह्यात बंदूक आहे, बारूद आहे, शेतात जागल आहे आणि नेमबाज होऊ पाहणारी मुलंमुलीही आहेत.

यवतमाळ जिल्ह्यात बंदुकीचा पहिला संबंध येतो तो पिकाशी. तूर शेंगांवर आली, हरभरा घाट्यांवर आला, की रानडुकरांचे कळप आणि रोही शेतात उतरतात. पांढरकवडा, घाटंजी, राळेगाव, झरी-जामणी या तालुक्यांत जंगल आणि शेत एकमेकांना खेटून आहेत. शेतकरी माळ्यावर जागलीला बसतो, डबे वाजवतो, फटाके फोडतो, झटका मशीनची तार ओढतो. १४८ चौरस किलोमीटरचं टिपेश्वर अभयारण्य याच पट्ट्यात आहे. २०१८ साली ‘टी-१’ म्हणजेच ‘अवनी’ या वाघिणीच्या शोधाने हा परिसर देशभर गाजला. २ नोव्हेंबरच्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ ती मारली गेली आणि पुढे कित्येक महिने त्या गोळीची चर्चा चालली. रायफल म्हणजे काय, कोणाला परवानगी होती, अंतर किती होतं, हे सारं त्या निमित्ताने चावडीवर बोललं गेलं. मात्र गावात पिढ्यान्‌पिढ्या वावरणारी बंदूक रायफल नव्हे. ती गुळगुळीत नळीची, छर्ऱ्यांची बंदूक.

कायद्यानेही या बंदुकीला वेगळी जागा दिली आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात दोन प्रकारांचा उल्लेख शेजारी-शेजारी येतो. स्वसंरक्षण किंवा खेळासाठी किमान वीस इंच लांब नळीची गुळगुळीत बंदूक आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. यातली ठासणीची बंदूक म्हणजे काडतूस जन्माला येण्याआधीची रीत. तिच्यात पुंगळी नसते. नळीच्या तोंडातून आधी काळी बारूद ओतायची, त्यावर काथ्याचा किंवा चिंध्यांचा बोळा घालून गजाने ठासायचा, मग छर्रे, ते सांडू नयेत म्हणून पुन्हा बोळा आणि सर्वांत शेवटी घोड्याखालच्या निपलवर टोपी. काडतुसातल्या पाच गोष्टींपैकी चार इथे हजर आहेत. पाचवी, म्हणजे पुंगळी, तिचं काम नळीच करते. परवानाधारक शेतकऱ्याने शेतात ठासलेला बार आणि परदेशातल्या नेमबाजाने गॅरेजमध्ये भरलेलं काडतूस यांचं गणित एकच आहे.

धोकाही एकच. अंधारात, घाईत, एकदा बारूद घातली होती की नाही हे विसरून दुसऱ्यांदा घातली, तर नळी फुटते. आधीच्या बाराची ठिणगी आत राहिली असेल, तर ओतताना बारूद भडकते आणि हात जातो. ‘अंदाजपंचे’ हा शब्द स्वयंपाकात खपतो. बारुदीत खपत नाही.

बार ठासण्याचं काम नळीतून बाहेर काढून पुंगळीत न्यायला एकोणिसावं शतक उजाडलं. फ्रान्समध्ये लफोशे याने मधून मोडणारी, मागून भरायची बंदूक घडवली आणि शतकाच्या मध्यानंतर बुडाच्या मधोमध टोपी असलेलं काडतूस रुळलं. तेव्हापासून काडतूस भरणं हा शिकाऱ्याच्या घरचा नेहमीचा उद्योग झाला. पितळी पुंगळ्या पुन्हा पुन्हा वापरता येत. कागदी पुंगळ्याही काही वेळा चालत. छर्रे पाडण्याची युक्ती त्याहून जुनी. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने १७८२ साली तिचं पेटंट घेतलं. उंचावरून चाळणीतून वितळलेलं शिसं सोडायचं. पडता पडता थेंब गोल होतात आणि खालच्या पाण्यात घट्ट बसतात.

खरी उलथापालथ बिनधुराच्या बारुदीने केली. काळी बारूद म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती मापट्याने मोजली तरी भागत असे. थोडी कमी-जास्त झाली तर धूर आणि आवाज यांत फरक पडे, मजबूत नळी सहसा शाबूत राही. नायट्रोसेल्युलोजवर चालणारी नवी बारूद त्याच आकारमानात कितीतरी जास्त ताकद बाळगते. जुनं मापटं भरून नवी बारूद घालणाऱ्यांच्या बंदुका फुटल्या. अमेरिकेत काळ्या बारुदीचं माप ‘ड्रॅम’मध्ये सांगत. आज त्या देशातल्या काडतुसांच्या खोक्यांवर ‘ड्रॅम इक्विव्हॅलंट’ असा आकडा छापलेला दिसतो, तो त्या काळाचा अवशेष. आत किती बारूद आहे हे तो सांगत नाही. इतक्या ड्रॅम काळ्या बारुदीने जो वेग मिळाला असता तो या काडतुसाला आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो आकडा खरा समजून तेवढी नवी बारूद तोलणारा माणूस स्वतःच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर स्फोट घडवतो.

आता ज्या खेळासाठी हे सारं चालतं त्याकडे वळू. श्रीमंतांच्या मैदानावर आधी जिवंत कबुतरं सोडून मारत. मग काचेचे पोकळ गोळे आले. १८८० साली अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगॉव्स्कीने फिरत उडणारी मातीची तबकडी काढली आणि खेळाचं रूप पालटलं. आजची तबकडी नावाला मातीची. तिच्यात चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखी राळ असते. ही चुनखडी म्हणजे वणी-मुकुटबन भागात जो दगड सिमेंटसाठी फोडला जातो, त्याच जातीची. ऑलिम्पिकच्या तबकडीचा व्यास ११० मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅमच्या आसपास. ट्रॅप या प्रकारात जमिनीखालच्या खंदकात पंधरा यंत्रं असतात आणि नेमबाज त्यांच्या १५ मीटर मागे उभा राहतो. त्याने आवाज दिला की कुठल्यातरी यंत्रातून तबकडी सुटते, ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने लांब पळते आणि नेमबाजाला दोन बार मिळतात. स्कीटमध्ये आठ जागांवरून, दोन बुरुजांतून आडव्या जाणाऱ्या तबकड्या एका-एका बारात फोडायच्या.

ट्रॅप ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आला १९०० साली, स्कीट १९६८ साली. १९९२ साली बार्सिलोनात स्कीटमध्ये स्त्रिया आणि पुरुष एकाच स्पर्धेत उतरले होते, तेव्हा चीनच्या झांग शान या तरुणीने सर्वांना मागे टाकून सुवर्णपदक घेतलं.

भारतात या खेळाच्या संघटनेचा आरंभ एका मराठी नावाशी जोडलेला आहे. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष. आजही देशभरचे नवे नेमबाज त्यांच्या नावाच्या मावळंकर स्पर्धेतून पुढे येतात. तबकड्यांच्या नेमबाजीत पहिलं मोठं नाव बिकानेरच्या करणी सिंह यांचं. १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी ट्रॅपमध्ये रौप्य जिंकलं आणि १९६० ते १९८० या काळात पाच ऑलिम्पिक स्पर्धांत ते खेळले. २००४ साली अथेन्समध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्य आणलं. स्वतंत्र भारताच्या वाट्याला आलेलं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक रौप्य. २००६ साली झाग्रेबमध्ये मानवजितसिंग संधू ट्रॅपचा जगज्जेता झाला. २०२४ साली पॅरिसमध्ये अनंतजीतसिंग नरुका आणि महेश्वरी चौहान या जोडीचं मिश्र स्कीटमधलं कांस्य अवघ्या एका गुणाने हुकलं.

या यादीशेजारी महाराष्ट्राची यादी ठेवावी. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे. नावं तितकीच तळपणारी, पण सगळी रायफल आणि पिस्तुलाची. छर्ऱ्यांच्या बंदुकीत एवढ्या उंचीचं नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलेलं नाही. गुणवत्तेची उणीव हे त्याचं कारण मानायला काहीच आधार नाही. मोठं कारण शिशाच्या हिशेबात सापडतं.

दहा मीटर एअर रायफलच्या एका छर्ऱ्याचं वजन अर्ध्या ग्रॅमच्या किंचित वर असतं. साठ नेमांच्या पूर्ण सामन्यात बत्तीस ग्रॅमच्या आसपास शिसं खर्च होतं, म्हणजे ट्रॅपच्या दीड काडतुसातलंही नाही. आता ट्रॅपकडे पाहा. एका फेरीत २५ तबकड्या, पात्रता फेरीत एकूण १२५. प्रत्येकीवर एकच बार टाकला, तरी तीन किलो शिसं उडतं. दोन्ही बार वापरले तर सहा किलो. सरावाच्या दिवशी शंभर तबकड्या हा काही फार मोठा आकडा नव्हे. त्यावर बारूद, प्रायमर, वॅड, पुंगळी आणि तबकडी यांचा खर्च वेगळाच. शिवाय पडणाऱ्या छर्ऱ्यांसाठी काही शे मीटर मोकळी, बिनवस्तीची जमीन हवी. एअर रायफल शाळेच्या सभागृहात शिकवता येते. ट्रॅपला माळरान लागतं आणि प्रत्येक चुकीची किंमत रोख मोजावी लागते.

हाच हिशेब जगभरच्या नेमबाजांना घरच्या टेबलाकडे घेऊन गेला. पुंगळीचं आयुष्य एका बारात संपत नाही. चांगली प्लास्टिकची पुंगळी अनेकदा भरता येते आणि मैदानावर पडलेल्या पुंगळ्या वेचून घरी न्यायच्या, हा अमेरिकन ट्रॅप क्लबांचा नित्याचा देखावा झाला. विस्कॉन्सिनमधल्या मेव्हिल गावच्या ‘मेक’ कंपनीची हाताने दाबायची यंत्रं याच गरजेतून घरोघर पोचली. आंतरराष्ट्रीय नियमांनीही काडतूस हलकं केलं. पूर्वी ३२ ग्रॅम छर्रे चालत. मग २८ आले, आता २४. त्यामुळे शिसं वाचलं, खांद्याला बसणारा धक्का कमी झाला आणि नेम मात्र अधिक अचूक लागला पाहिजे अशी अट आली.

या टेबलावर काय चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. यंत्राच्या पहिल्या खणात पुंगळी ठेवून दांडा खाली ओढला, की जुना प्रायमर खाली गळून पडतो आणि फुगलेलं पितळी बूड पुन्हा मापात येतं. दुसऱ्या खणात नवा प्रायमर बुडाशी सपाट बसतो; तो किंचितही वर राहिला तर बंदूक बंद करतानाच बार उडू शकतो. तिसऱ्या खणावर दोन बाटल्या उलट्या लावलेल्या असतात, एकीत बारूद आणि दुसरीत छर्रे. त्यांच्याखालची पट्टी एका बाजूला सरकवली की बारूद पडते, मग वॅड दाबून बसवायचा, पट्टी दुसऱ्या बाजूला सरकवली की छर्रे पडतात. पुढच्या खणात तोंडाला चुण्या पडतात आणि शेवटच्या खणात ते घट्ट मिटतं. सरावलेला माणूस हे सारं लयीत करतो आणि ती लय हीच त्याची परीक्षा असते. दर काही काडतुसांनंतर तो थांबतो आणि पट्टीतून पडलेली बारूद तराजूवर तोलून पाहतो. पट्टीचं छिद्र तेच असलं, तरी हाताचा जोर, बाटलीतली पातळी आणि हवेतला ओलावा यांनी वजन हलतं.

तराजू सांगत नाही अशी एक चूक असते. बारुदीचे कण छिद्रात अडकले, तर पुंगळीत निम्मीच बारूद पडते. काडतूस बाहेरून अगदी नीट दिसतं. मैदानावर मात्र बार फुसका होतो, छर्रे कसेबसे बाहेर पडतात आणि वॅड नळीतच अडकतो. त्या क्षणी नेमबाजाने बंदूक मोडून, रिकामी करून, नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहिलंच पाहिजे. न पाहता पुढचा बार टाकला, तर अडकलेल्या वॅडपाशी नळी फुटते. परदेशी क्लबांत नवशिक्याला हा नियम पहिल्या दिवशी शिकवतात आणि अनुभवी नेमबाजही फुसक्या आवाजाला तिथल्या तिथे थांबतो.

दुसरा नियम कृतीचा. पुंगळी, प्रायमर, बारूद, वॅड आणि छर्रे यांची प्रत्येक जुळणी प्रयोगशाळेत दाब मोजून ठरवलेली असते आणि बारूद बनवणाऱ्या कंपन्या ती छापून देतात. तीच बारूद, तेच छर्रे ठेवून नुसता प्रायमर बदलला, तरी दाब धोक्याच्या रेषेपलीकडे जाऊ शकतो. म्हणून टेबलावर एका वेळी एकच बारूद असते, तिचा मूळ डबा कधी बदलत नाहीत आणि ओळख पटत नाही अशी बारूद कोणी वापरत नाही. शिशाचाही विसर पडून चालत नाही. ते हाताळताना खाणं-पिणं वर्ज्य, नंतर हात धुणं अनिवार्य. शेतात सांडलेले छर्रे पक्षी खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात; अनेक देशांनी पाणथळ जागी शिशाचे छर्रे बंद केले ते यामुळे.

भारतात हे टेबल घरात मांडता येत नाही. शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमानुसार दारूगोळा तयार करायला परवाना लागतो आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. बारुदीवर त्याशिवाय १८८४च्या स्फोटक अधिनियमाची नजर असते आणि तो राबवणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, ‘पेसो’चं, मुख्यालय नागपुरात आहे. देशातल्या स्फोटकांचे नियम यवतमाळहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा शहरातून सांभाळले जातात, हे या जिल्ह्यात फार थोड्यांना ठाऊक असतं. बारा बोरची देशी काडतुसं पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्याची. तो १८६९चा, २०२१ पासून ‘म्युनिशन्स इंडिया’ या सरकारी कंपनीत आलेला. स्पर्धेतले नेमबाज बहुतांशी इटलीसारख्या देशांतली आयात काडतुसं वापरतात. साध्या परवान्यावर वर्षाला मिळणाऱ्या काडतुसांना मर्यादा आहे. नामांकित खेळाडूंना अधिक मुभा मिळते, पण तिथवर पोचण्याआधीचा सराव हा नवशिक्याचा खरा चढ आहे.

कायदा एवढा कडक का, याचं उत्तर विदर्भाला वेगळं सांगावं लागत नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६च्या पहाटे आग लागली आणि लष्करी अधिकाऱ्यांसह आग विझवायला गेलेल्या अनेक जवानांनी प्राण गमावले. शिकारीसाठी रानात टाकलेले गावठी बॉम्ब चावून गाई-बैलांचे जबडे उडाल्याच्या घटनाही गावांना नव्या नाहीत. प्रशिक्षित हातांतही जी वस्तू जीव घेते, ती अंदाजाने हाताळणाऱ्यांच्या घरात खुली सोडता येणार नाही, ही कायद्याची भूमिका रास्त आहे. तिला जोड हवी ती स्वस्त सरावाच्या दुसऱ्या वाटेची. देशी कारखान्यांतून परवडणारं २४ ग्रॅमचं काडतूस, संघटनेच्या देखरेखीखालचा परवानाधारक पुनर्भरणाचा प्रयोग, विदर्भातल्या एखाद्या पडीक माळावर ट्रॅपचं मैदान. या मागण्या खेळाडूंनी आणि लोकप्रतिनिधींनी मांडल्या, तर राळेगावची किंवा उमरखेडची मुलगी एअर रायफलपाशीच थांबणार नाही.

पुढचे भाग याच क्रमाने मांडले आहेत. आधी कायदा आणि परवाना, मग काडतुसाची रचना, मग खेळाचे नियम आणि सर्वांत शेवटी परदेशातल्या भरणीच्या यंत्रांचा परिचय. ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळची परवान्याची विलायती दुनळी अजून आहे, त्यांनी मात्र एक गोष्ट लगेच करावी. जाणकार आर्मररकडून नळीवरचा कोठीच्या लांबीचा शिक्का वाचून घ्यावा. जुन्या अनेक बंदुकांची कोठी ६५ मिलिमीटरची असते आणि आजची पुष्कळ काडतुसं ७० मिलिमीटरची. मिटलेल्या चुण्यांमुळे लांब काडतूसही तिच्यात बिनबोभाट बसतं. बार उडाल्यावर चुण्या उलगडतात, त्यांना जागा पुरत नाही आणि दाब मर्यादेबाहेर चढतो. ही तपासणी होईपर्यंत ती दुनळी रिकामी आणि कुलपात असावी.